रूबेनच्या मेळाव्याला जाताना : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या नॅशनल कार्टूनिस्ट्स सोसायटीचा दरवर्षीचा पुरस्कार मेळावा, म्हणजेच ‘रूबेन’, याबद्दल मागच्या अंकात एक छोटी नोंद होती. तिच्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

रूबेन म्हणजे व्यंगचित्रकारांचं ऑस्कर, असं वाचलं होतं. खरं आहे का? – एक वाचक, पुणे

झगमगाट तसा असतो, पण जात वेगळी. ही मुळात एका संघटनेच्या सभासदांची वार्षिक जेवणावळ आहे आणि पुरस्कार तिच्यात नंतर आले. दुसऱ्या महायुद्धात काही व्यंगचित्रकार सैनिकांचं मन रमवायला इस्पितळांमधून आणि छावण्यांमधून फिरत, फळ्यावर चित्रं काढून दाखवत. युद्ध संपलं तरी एकत्र जमायची सवय सुटली नाही. १ मार्च १९४६ रोजी मॅनहॅटनमधल्या एका रेस्तराँत सोसायटी स्थापन झाली, रूब गोल्डबर्ग पहिले अध्यक्ष झाले आणि मिल्टन कॅनिफ खजिनदार. एवढंसं काम करायला भलंमोठं गुंतागुंतीचं यंत्र, अशा चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले ते हेच गोल्डबर्ग.

सुरुवातीचा पुरस्कार होता चांदीची सिगारेट केस. बिली डीबेक या चित्रकाराच्या स्मरणार्थ त्यांची पत्नी ती देत असे आणि तिच्यावर डीबेक यांची पात्रं कोरलेली असत. १९४६ ते १९५३ अशी आठ वर्षं हे चाललं. १९५४ पासून पुरस्काराला गोल्डबर्ग यांचं पाळण्यातलं नाव मिळालं, रूबेन, आणि आधीच्या आठही मानकऱ्यांना मागाहून रूबेन देण्यात आला. पुतळ्यात एकमेकांच्या अंगावर चढलेले कसरतपटू आहेत आणि सगळ्यांच्या वर शाईची दौत. त्या दौतीखाली सगळे वाकलेले! धंद्याचं याहून खरं चित्र सापडणं कठीण.

मी आठ वर्षं वृत्तपत्रांना आणि दिवाळी अंकांना चित्रं देतो. मला या मेळाव्याला जाता येईल का? निमंत्रण कसं मिळवायचं? – एक व्यंगचित्रकार, कोल्हापूर

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. सभासद होणं ही एक आणि मेळाव्याला जाणं ही दुसरी.

पूर्ण सभासदत्वाची मुख्य अट अशी, की सलग तीन वर्षं निम्म्याहून अधिक उत्पन्न व्यंगचित्रकलेतून आलेलं हवं आणि काम व्यावसायिक दर्जाचं हवं. आपल्याकडच्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. कामात कमी असतं म्हणून नव्हे, तर शाळेतली नोकरी किंवा जाहिरात संस्थेचा पगार मोठा आणि व्यंगचित्राचं मानधन छोटं असतं म्हणून. दिवाळी अंकांची मानधनं चेकने किंवा बँकेतून घ्या, प्रत्येक व्यवहाराची पावती ठेवा आणि विवरणपत्रात ते उत्पन्न वेगळं दिसू द्या. पाकिटातून हातावर ठेवलेल्या पैशाला पुरावा राहत नाही. ही शिस्त सोसायटीसाठी नसली तरी व्हिसासाठी उपयोगी पडतेच.

मेळाव्याचा मुख्य भाग, म्हणजे शनिवारची जेवणाची रात्र, परंपरेनं सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी असतो. त्यामुळे ओळखीच्या सभासदाचा पाहुणा म्हणून जाणं हा सरळ रस्ता. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचवर त्याला जोडून सर्वांसाठी खुला उत्सवही भरवला गेला. असा खुला भाग त्या वर्षी आहे का, ते आधी पाहा. गावही दरवर्षी बदलतं. २०१६ ला मेम्फिस, २०१७ ला पोर्टलँड, २०१८ ला फिलाडेल्फिया होतं. पूर्वी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारला, म्हणजे मेमोरियल डेला, जोडून येणारा शनिवार-रविवार ठरलेला असे, पण अलीकडे तो धरून चालू नका. तारीख आणि गाव जाहीर होण्याआधी विमानाचं तिकीट काढण्याची घाई नको.

नामांकनासाठी चित्रं पाठवायची तर काय काळजी घ्यावी? – एक वाचक, नाशिक

वर्षाचा घोळ आधी समजून घ्या. पुरस्कारावरचं वर्ष हे कामाचं असतं, सोहळ्याचं नव्हे. मेळावा होतो पुढच्या वर्षी. म्हणून ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’वाल्या बिल वॉटरसन यांचे दोन रूबेन १९८६ आणि १९८८ चे असं लिहिलेलं दिसतं, ते हातात पडले त्याच्या पुढच्या वर्षी. पाठवलेल्या चित्रांत दुसऱ्या वर्षी छापलेलं एखादं घुसलं, तर सगळा संच अडचणीत येतो. प्रत्येक चित्राच्या फाइलच्या नावातच प्रसिद्धीची तारीख घाला.

मोठा रूबेन हा वर्षातल्या सर्वोत्तम व्यंगचित्रकाराचा, आणि तो सभासदांच्या गुप्त मतदानातून ठरतो. त्याखाली विभागवार पुरस्कार असतात : वृत्तपत्री चित्रमालिका, एकचौकटी चित्रं, संपादकीय व्यंगचित्र, मासिकातलं विनोदी चित्र, शुभेच्छापत्रं, पुस्तकातली चित्रं, ग्राफिक कादंबरी, ऑनलाइन चित्रकथा, अ‍ॅनिमेशन वगैरे. त्यांचा निकाल सोसायटीच्या ठिकठिकाणच्या शाखांचे परीक्षक लावतात. विभाग चुकला की चांगलं कामही वाया जातं. रोजची राजकीय चौकट ‘एकचौकटी’त टाकली, तर तिची तुलना घरगुती विनोदाशी होणार आणि संदर्भ न कळल्यामुळे ती मागे पडणार.

माझ्या चित्रांत मराठी शब्द असतात. तिकडच्या लोकांना दाखवायला काय निवडू? – एक चित्रकार, सांगली

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पहिली चार चित्रं बिनशब्दांची ठेवा. समोरच्याच्या मनात तुमची रेष आधी बसू दे. त्यानंतर असे विनोद, ज्यात शब्द आहेत पण विनोद परिस्थितीत आहे. केवळ शब्दावर उभं असलेलं चित्र सरळ वगळा, मग ते तुमचं कितीही गाजलेलं असो. उदाहरणार्थ, कोरडा नळ, हंडे घेतलेल्या बायका, लांब धुरळा उडवत निघून चाललेला टँकर आणि खाली ओळ : ‘तोंडचं पाणी पळालं!’ आपल्याला हसू येतं, कारण वाक्प्रचार आणि चित्र एकाच क्षणी एकमेकांवर आदळतात. इंग्रजीत तो वाक्प्रचारच नाही. तळटीप देऊन समजावायला गेलात, तर विनोदाचा पंचनामा होतो. तेच चित्र ओळ काढून, शेवटच्या हंड्यात एक कावळा डोकावताना दाखवून काढलं, तर कुठंही चालेल.

भाषांतर फुग्यात घुसवू नका. मराठी अक्षरं हाताने काढलेली, आणि त्यांच्या जागी संगणकाचा ठसा आला की चित्राचा तोल जातो. मूळ तसंच ठेवून इंग्रजी ओळ चौकटीबाहेर खाली, लहान अक्षरात द्या. देवनागरी अक्षरलेखन हे तिथं वैगुण्य ठरत नाही. उलट त्यावरच बोलणं निघतं.

संख्या बारा. वीस नेलीत तर समोरचा शेवटची आठ भराभर उलटतो आणि नेमकं तुमचं आवडतं चित्र त्यांत असतं. आकार ए-४, कागद जाड आणि चमक नसलेला. दिव्याखाली चकाकणाऱ्या कागदावर रेषेऐवजी दिवा दिसतो.

प्रवासाची तयारी कशी करावी? शाई-पेन नेता येतात का? व्हिसा कोणता? – दोन वाचक, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर

परिषदेला हजर राहण्यासाठी बी-१/बी-२, म्हणजे कामानिमित्तच्या किंवा पर्यटनाच्या छोट्या भेटीचा, व्हिसा चालतो. डीएस-१६० अर्ज, मूळ शुल्क १८५ डॉलर, मग दोन फेऱ्या : एकदा बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्यांदा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. तारीख मिळायलाच महिनोन्‌महिने लागू शकतात, म्हणून मेळाव्याची घोषणा होण्याआधी व्हिसाच्या मागे लागणं शहाणपणाचं. नोंदणीचं पत्र जवळ ठेवा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. खर्च कोण करतंय, इथं काम काय आणि परत का येणार, याची थोडक्यात उत्तरं तयार असू द्या.

एक चूक मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. या व्हिसावर तिथं पैसे घेऊन काम करता येत नाही. कोणी टेबलावर म्हणालं, ‘माझं अर्कचित्र काढून दे, हे पन्नास डॉलर,’ तर चित्र हौसेनं काढून द्या आणि नोट परत करा.

शाईबद्दल. केबिनच्या सामानात द्रवाची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी चालत नाही. त्याहून मोठी त्रासदायक गोष्ट म्हणजे गळती. विमान वर गेलं की केबिनमधला दाब साधारण दोन हजार मीटर उंचीवरच्या डोंगरावर असतो तेवढा उतरतो. पेनच्या टाकीतली हवा फुगते आणि शाईला निबातून बाहेर ढकलते. म्हणजे दोष शाईचा नाही, अर्धवट भरलेल्या टाकीचा आहे. पेन एकतर काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामं न्या, आणि उड्डाणाच्या वेळी निब वर ठेवा. इंडियन इंकची बाटली घरीच राहू दे. ती सांडली आणि वाळली, की कुठल्याही साबणाला दाद देत नाही, आणि तुमच्या सुटकेसमध्ये शनिवारी रात्रीचा पांढरा शर्ट असतो. कटर आणि ब्लेड चेक-इन सामानात.

मूळ चित्र नेणार असाल तर गुंडाळी करू नका. शाईच्या जाड थराला भेगा जातात आणि कागद पुन्हा सपाट होत नाही. दोन माउंटबोर्डांच्या मध्ये, चारही कोपरे कागदी खिशांत अडकवून, वर ग्लासीन पेपर, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद. चित्राला चिकटपट्टीचा स्पर्शही नको.

हॉटेलात पाहुण्यांसाठी सवलतीच्या खोल्यांचा ठरावीक कोटा असतो आणि तो मेळाव्याच्या काही आठवडे आधी बंद होतो. जवळच्या स्वस्त हॉटेलात उतरून दोनेकशे डॉलर वाचतील, पण खरा मेळावा रात्री अकरानंतर लॉबीत भरतो, तो हुकेल.

यजमान अ‍ॅनिमेशनमध्ये स्टोरीबोर्ड काढतात, त्यांच्याबरोबर मलाही बोलावलंय. ‘ब्लॅक टाय’ लिहिलंय. पैठणी चालेल का? आम्ही शाकाहारी आहोत. – एक वाचक, लॉस एंजेलिस

चालेल कसली, शोभेल. ब्लॅक टायचा अर्थ पुरुषांसाठी काळं डिनर जॅकेट, पांढरा शर्ट आणि काळा बो. पण देशाचा पारंपरिक समारंभी पोशाख त्यात बसतो असा सर्वमान्य संकेत आहे. यजमानांना काळा बंदगळा शिवून घ्या, भाड्याच्या जॅकेटपेक्षा अंगाला नीट बसेल. फक्त एसी कडक असतो, शाल न्या. शुक्रवारच्या स्वागताच्या संध्याकाळी साधे कपडे, दिवसाच्या व्याख्यानांना त्याहून साधे.

जेवणाचं नोंदणीच्या वेळीच कळवा, टेबलावर बसल्यावर नव्हे. ताटं आधी मोजून तयार होतात, स्वयंपाकघराचा आकडा काही दिवस आधीच ठरतो. ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं येऊ शकतं. अंडं नको असेल तर ‘व्हीगन’ लिहा. दूध-चीज मिळणार नाही, पण पानात काय आलंय याची धास्ती राहणार नाही. भाषणं लांबतात, म्हणून सहाच्या सुमाराला थोडं खाऊन जा. बारमध्ये दर पेयामागे एक-दोन डॉलर टिप देतात, सुट्टे ठेवा.

मोठ्या चित्रकारांकडून वहीत चित्र काढून घेता येईल का? – एक विद्यार्थी, पणजी

येईल, वेळ साधली तर. ताटं मांडलेली असताना नाही, आणि कोणी भाषणाची चिठ्ठी चाळत असताना तर मुळीच नाही. व्याख्यानानंतरची दहा मिनिटं आणि रविवारची सैलसर संध्याकाळ उत्तम. वही लहान, कागद जाड, किमान १५० जीएसएमचा (चौरस मीटरला १५० ग्रॅम), नाहीतर मार्करची शाई पुढच्या चार पानांवर उतरते. पेन तुमचंच पुढे करा. ‘अमुक पात्र काढा’ असा हुकूम नको. आधी स्वतःचं एक चित्र काढलेलं पान दाखवा. वही व्यंगचित्रकाराची आहे हे दिसलं, की समोरचा जरा जास्त वेळ देतो.

रूबेन आणि आयस्नर एकच का? – एक वाचक, ठाणे

नाही. आयस्नर कॉमिक बुक आणि ग्राफिक कादंबऱ्यांसाठी, १९८८ पासून, आणि ते सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये जुलैत देतात. तिथं वाचकांची जत्रा असते. संपादकीय व्यंगचित्रकारांची अमेरिकेत आणखी एक वेगळी संघटना १९५७ पासून आहे, तिचं अधिवेशनही वेगळं. मराठीत बोलायचं तर कार्टूनिस्ट्स कंबाईन या आपल्या व्यंगचित्रकारांच्या संघटनेची संमेलनं रूबेनच्या जास्त जवळची : धंद्यातल्या माणसांनी धंद्यातल्या माणसांसाठी भरवलेली.

या सगळ्यात स्त्रिया कुठं आहेत? नावं सगळी पुरुषांचीच दिसतात. – एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा

सुरुवातीला नव्हत्याच, सोसायटी फक्त पुरुषांची होती. १९४९ मध्ये ‘टीना’ ही चित्रमालिका काढणाऱ्या हिल्डा टेरी यांनी पत्र लिहून मागणी केली की, एकतर नाव बदलून ‘राष्ट्रीय पुरुष व्यंगचित्रकार सोसायटी’ करा किंवा आम्हाला घ्या. त्यांचे पती ग्रेगरी डालेसिओ स्वतः सभासद होते. बरीच वादावादी झाली आणि १९५० मध्ये दार उघडलं. रूबेन मात्र एका स्त्रीला मिळायला १९८५ च्या पुरस्कारापर्यंत थांबावं लागलं : कॅनडाच्या लिन जॉन्स्टन. १९९२ ला कॅथी गाइसवाइट. मग मध्ये दोन दशकांहून मोठी पोकळी, आणि त्यानंतर २०१४ ला रॉझ चास्ट, २०१६ ला अ‍ॅन टेलनेस, २०१९ ला लिंडा बॅरी.