खाजकुइरी, नेटल आणि उन्हाचं एक जुनं नातं

प्रश्न असा आहे: नेटल म्हणजे युरोपात कुंपणालगत उगवणारं, अंगाला लागलं की डंख करणारं झुडूप. एका भाषांतरात ‘नेटल फॅमिली’साठी ‘खाजकुइरी कुल’ असं लिहिलं आहे, ते चालेल का? आणि त्याला जोडून, ‘नेटल’ हा शब्द ‘नीडल’वरून, म्हणजे सुईवरून आला का?

नाही चालणार. आणि हे जरा जोरात सांगायला हवं, कारण निसर्गपटांचं मराठी निवेदन असो की औषधी वनस्पतींचं माहितीपत्रक, नेटल दिसलं की खाजकुइरी ठोकून द्यायची सवयच पडली आहे. खाजकुइरी हा वेल आहे, वाल-घेवड्याच्या कुलातला. त्याला शेंगा येतात आणि सारा त्रास त्या शेंगांवरच्या तपकिरी लवेचा असतो. संस्कृतात तिचं नाव कपिकच्छू, म्हणजे माकडालाही खाज सुटवणारी. नेटलचा या वेलाशी कुलाचा, शेंगेचा, फुलाचा काहीही संबंध नाही. नेटलला शेंगच येत नाही. एकाच्या वाटेला गेलं तरी हात मागे घ्यावा लागतो आणि दुसऱ्याच्याही, एवढ्यावरून दोघांना एका घरात घालायचं असेल तर गांधीलमाशी आणि विंचू यांनाही एकच नाव द्यावं लागेल.

मुळात जाणीवच वेगळी आहे. खाजकुइरीच्या लवेत म्युक्युनेन नावाचं, प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, त्याने खाज सुटते. नेटलचा केस पोकळ असतो आणि त्याचं टोक सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचंच. स्पर्श होताच ते टोक तिरकं तुटतं आणि उरलेला केस इंजेक्शनच्या सुईसारखा आत शिरतो. त्यातून उतरतात ती हिस्टामीन, ॲसेटिलकोलीन, सेरोटोनिन ही रसायनं. यातली पहिली दोन नेटलच्या केसात असल्याचं एमेलिन आणि फेल्डबर्ग या शास्त्रज्ञांनी 1947 साली दाखवलं. परिणाम काय होतो, तर आग. आधी आग, मग गांधी उठतात आणि खाज येते ती त्यानंतर. हा क्रम लक्षात ठेवा, शब्दाचं सगळं मर्म त्यातच आहे.

नेटलचं शास्त्रीय नाव उर्टिका. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने 1753 साली ते पक्कं केलं, त्याच शास्त्रातल्या जुस्यूने 1789 साली त्याभोवती कुल बांधलं, त्यालाच आज उर्टिकेसी म्हणतात. पण शब्द लिनीअसचा नाही. रोमन लोक या झुडपाला उर्टिकाच म्हणत, आणि ते जोडलं जातं ‘उरेरे’ या लॅटिन क्रियापदाशी. अर्थ: जाळणे, भाजणे. आता या उरेरेचं मूळ बघा. लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ‘स’चा ‘र’ होतो. फुलाला ‘फ्लोस’, फुलाचं म्हणताना ‘फ्लोरिस’, तसंच. म्हणजे उरेरेच्या पोटात जुना ‘उस्’ आहे. आणि तो संस्कृतात जसाच्या तसा भेटतो: उष्, ओषति, जाळतो. त्या उष् धातूपासून उष्ण, आणि उष्णपासून प्राकृत ‘उण्ह’ होऊन आपलं ऊन!

दुपारी डोक्यावर येतं ते ऊन आणि युरोपातल्या कुंपणालगत उगवणारं उर्टिका, दोघांची पणजी एकच. वैद्यकातली ‘अर्टिकेरिया’, म्हणजे आपण ज्याला अंगावर पित्त उठणं म्हणतो ते, हे उर्टिकाचंच लेकरू. कंबश्चन इंजिनातलं कंबश्चनही त्याच उरेरेचं. एवढी गोड गोष्ट समोर असताना लोक खाजकुइरीत का अडकून पडतात, हे मला खरोखर कळत नाही.

या व्युत्पत्तीवर एक आक्षेप आहे आणि तो काही व्युत्पत्तिकार मोठ्या ठामपणे घेतात. ते म्हणतात, ‘र’ होतो तो दोन स्वरांमध्ये. ‘त’च्या आधी ‘स’ टिकायला हवा, जसा ‘उस्तुस’ (जळलेला) या रूपात टिकला आहे. मग ‘उस्तिका’ का नाही? सबब नाव अनिश्चित मूळाचं, विषय संपला. मला हा शहाणपणा कोता वाटतो. नियम खरा आहे, पण नियम ध्वनीचा आहे आणि शब्द बोलणाऱ्याच्या तोंडात घडतो. ज्याच्या कानात रोज ‘उरो’, ‘उरित’ (जाळतो) आहे, तो जाळणाऱ्या झाडाचं नाव त्या ‘उर्’वरूनच घडवणार किंवा असलेलं नाव त्याकडे ओढून घेणार. आणि हेच क्रियापद लोकांनी चुकीच्या जागी तोडल्याचा पुरावा लॅटिनमध्येच आहे. ‘कंबुरेरे’मधला ‘ब’ कुठून आला? उरेरेत ‘ब’ नाही. ‘अंब्-उरेरे’, भोवताली जाळणे, या जोडशब्दातला ‘ब’ लोकांनी क्रियापदाचाच समजून उचलला आणि नवीन शब्दात नेला, हेच त्याचं सर्वमान्य स्पष्टीकरण. जिथे एवढी मोडतोड मान्य, तिथे एका ‘र’साठी उर्टिकाला घराबाहेर काढणं न्यायाचं नाही. माझ्या मते ती उरेरेचीच आहे.

मात्र याच उत्साहात काहीजण ‘उषा’लाही या गोतावळ्यात ओढतात, ते करू नका. उषा उच्छति म्हणजे उजळते, तिचा धातू वस्, आणि तिची लॅटिन बहीण ऑरोरा. उजळणं वेगळं, जळणं वेगळं. दिसायला उष् आणि उषस् जुळे वाटतात, पण त्यांची मुळं निरनिराळी आहेत.

आता ग्रीकांकडे वळू, कारण तिथे गंमत उलटी आहे. ग्रीकमध्ये या झाडाला ‘क्निदे’ म्हणतात आणि ते येतं खरवडणे, खाजवणे या अर्थाच्या क्रियापदावरून. म्हणजे रोमनांनी आग पाहिली, ग्रीकांनी खाज. समुद्रफुलासारख्या डंख करणाऱ्या प्राण्यांनाही ग्रीक क्निदेच म्हणत, म्हणून जेलीफिशच्या संघाचं नाव निडारिया. आणि ऑस्ट्रेलियातलं या कुलातलं सर्वात भयंकर झाड, गिंपी-गिंपी, त्याचं शास्त्रीय नाव डेंड्रोक्नाइड, म्हणजे वृक्ष-क्निदे. ‘गिंपी’ हा शब्द तिथल्या गुब्बी गुब्बी लोकांच्या भाषेतला आहे, अर्थ डंख करणारं झाड. सोनं सापडून वसलेल्या एका गावाचं आधीचं नाव नॅशव्हिल होतं, ते 1868 साली बदलून गिंपी झालं. ज्या झाडाच्या वेदना दिवसेंदिवस पुन्हा उसळतात, त्याच्या विषात कोळ्याच्या विषाच्या घडणीची छोटी प्रथिनं असल्याचं 2020 साली उघड झालं. तिथे ‘खाज’ हा शब्द वापरून पाहा, किती तोकडा पडतो ते.

मराठीत काय म्हणायचं मग? या कुलातल्या गिरार्डिनियाला मराठीत मोठी खाजोटी हे नाव आहे, तेव्हा ‘खाजोटी कुल’ लिहा. खाज हा शब्द संस्कृत खर्जूवरून आलेला, खरूज त्याचीच सख्खी बहीण. त्यामुळे आपलं खाजोटी ग्रीकांच्या बाजूचं ठरतं. मला स्वतःला रोमनांची बाजू अधिक पटते. मोठ्या मधमाशीला आपण आग्या म्हणतोच ना? आग्या मोहोळ उठलं म्हणतो, खाज्या मोहोळ उठलं असं कोणी म्हणत नाही. डंखातली आग ओळखून नाव द्यायची रीत मराठीला ठाऊक आहे. नवा शब्द घडवायचीच वेळ आली तर ‘आग्या’च्या वाटेनं जावं, एवढंच माझं म्हणणं. पण चालत्या नावाला मोडू नये, म्हणून आज खाजोटी.

जे पंडित ‘वृश्चिकाली कुल’ सुचवतात त्यांना मात्र स्पष्ट नकार. वृश्चिकाली म्हणजे नेमकी कोणती वनस्पती यावर जुन्या-नव्यांचं एकमत नाही. कोणी खाजकोलती धरतो, कोणी उतरण. खाजकोलती एरंडाच्या कुलातली, उतरण रुईच्या. दोन्ही नेटलच्या घरच्या नाहीत. संस्कृत नाव मिळालं की ते शास्त्रीय झालं, हा समज जितक्या लवकर सुटेल तितकं बरं. हिंदीतलं ‘बिच्छू घास’ निदान खऱ्या नेटलवर तरी बसलेलं आहे.

नीडलचं उत्तर थोडक्यात: नाही. नीडल कातणे-शिवणे या अर्थाच्या धातूवरून येते, नेटलचं जुनं इंग्रजी रूप ‘नेतेले’, आणि दोघांची जर्मानिक घराणी वेगळी. आवाज जुळला आणि केस टोचले, एवढ्या भांडवलावर ही व्युत्पत्ती उभी आहे. त्यापेक्षा ‘नेट’, म्हणजे जाळं, याच्याशी नातं सांगणारे निदान विचार करण्याजोगं बोलतात, कारण हे कुल धाग्याचंही आहे. डेन्मार्कमध्ये लुसेहॉय इथल्या कांस्ययुगीन दफनात नेटलच्या धाग्याचं कापड सापडलं आहे. नेपाळात गिरार्डिनियाच्या सालीचा धागा काढतात, त्याला अल्लो म्हणतात. आणि रॅमी, तोही उर्टिकेसीतलाच, बोमेरिया निव्हिया. निव्हिया म्हणजे बर्फासारखी, पानाच्या पांढऱ्या पाठीवरून. हा शब्दही जुन्या घरचा आहे, लॅटिन निक्स, निविस, त्याचा आपल्या ‘स्निग्ध’च्या धातूशी संबंध लावतात.

रॅमीला डंख करणारे केस नाहीत. 50हून अधिक प्रजाती (जीनस) आणि 2,500हून अधिक जातींच्या (स्पीशीज) या कुलात बहुसंख्य मंडळी अशीच निरुपद्रवी आहेत. सर्वात मोठी प्रजाती पिलिया, कुंड्यांत हौसेने लावतात ती, तिचं नाव तर लॅटिन पिलेउस म्हणजे लोकरीच्या टोपीवरून आलेलं. तेव्हा भाषांतरकाराने ‘खाजोटी कुल’ लिहिल्यावर मजकुरात प्रत्येक झाडापुढे ‘खाजरं’ हे विशेषण चिकटवू नये. मूळ मजकुरात डंखाचा उल्लेख असेल तिथेच तो करावा, आणि तिथे ‘खाज सुटते’ न लिहिता ‘आग होते’ लिहावं.