टीव्ही गेम लगेच सुरू व्हायचा, मग स्पेक्ट्रम कॉम्प्युटरवर गेम चढायला पाच मिनिटं का लागायची?

टीव्ही गेमच्या ज्या डबीला आपण ‘कॅसेट’ म्हणायचो तिच्यात टेप नसते, रॉम चिप, म्हणजे गेम कायमचा कोरलेली मेमरी असते. ती थेट प्रोसेसरला जोडली जाते, म्हणून गेम तत्क्षणी सुरू. १९८२चा स्पेक्ट्रम मात्र खऱ्या ऑडिओ कॅसेटवरचा कर्कश आवाज ऐकून एकेक बिट रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत उतरवतो. वेग सेकंदाला साधारण १५०० बिट, त्यामुळे ४८ केबी मेमरीच्या मशीनवर मोठ्या गेमला चार-पाच मिनिटं लागणारच. नौपाड्यात मी दोन्ही दुरुस्त करतो. टेपचं हेड मळलेलं असलं की अगदी शेवटी सगळं बोंबलतं. अर्थात डबीच्या पिना काळवंडल्या तर टीव्ही गेमही नुसता लुकलुकतो. तेव्हा फुंकर मारू नका, ओलाव्याने गंज चढतो; आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस फिरवा.