फोटो काढायचे की नाही, आणि दाखवायचे कुणाला?

"सातवा महिना संपत आलाय. नवऱ्याने फोटोग्राफर ठरवून आगाऊ पैसेही दिलेत. सासूबाई म्हणतात, भरल्या पोटाचे फोटो काढू नयेत, दृष्ट लागते. मला फोटो हवेत, पण आरशात स्वतःकडे बघवत नाही. काय करू?"

कोल्हापूरची ही तिशीतली तरुणी समुपदेशनासाठी आमच्याकडे आली तेव्हा तिसावा आठवडा चालू होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गरोदरपणातल्या फोटोंवरून घरात वाद झाला म्हणून येणाऱ्या जोडप्यांची आता आम्हाला सवय झाली आहे. हा वाद क्वचितच फोटोंचा असतो.

पहिल्या भेटीत ती एकटीच होती. "हे फोटो कुणी कुणी बघावेत असं वाटतं?" एवढंच तिला विचारलं. ती बोटांवर मोजू लागली. नवरा, आई, पुढे मोठं झाल्यावर बाळ. "आणि इन्स्टाग्रामवर?" ती गप्प झाली. मग सावकाश कळलं, दोन वर्षांपूर्वी दहाव्या आठवड्यात गर्भपात झाला होता. त्या वेळी बातमी सगळ्यांना सांगून झालेली होती, त्यामुळे गेल्याचंही सगळ्यांना सांगावं लागलं. ऑफिसात, वाड्यात, लग्नात भेटलेल्या मावशांना, एकेकाला. तिला भीती कॅमेऱ्याची नव्हती, पुन्हा कुणाला काही सांगावं लागण्याची होती.

दुसऱ्या भेटीला सासूबाईंना बोलावलं. अशा वेळी 'ही अंधश्रद्धा आहे' हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांत उच्चारलं की पुढचं सगळं बोलणं बंद होतं. आम्ही दृष्टीबद्दल काहीच विचारलं नाही. मागच्या वेळी घरात काय झालं, एवढं विचारलं. त्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या आणि म्हणाल्या, "गल्लीत पेढे मीच वाटले होते." सुनेला हे नवीन नव्हतं, पण सासूबाई तो दोष अजून स्वतःकडे घेतात हे तिला त्या दिवशी प्रथम कळलं. दहाव्या आठवड्याच्या आसपास होणारे गर्भपात बहुतेक वेळा गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. त्याचा पेढ्यांशी, बोलण्याशी, कुणाच्या नजरेशी संबंध नसतो. हे त्यांना तेव्हा सांगितलं, आणि तेव्हाच ते त्यांनी ऐकून घेतलं.

त्यातून तोडगा निघाला. फोटो काढणं आणि फोटो दाखवणं हे दोन वेगळे निर्णय करायचे. काढायचे आत्ता. बारशापर्यंत ते घरातल्या चौघांपलीकडे कुठेही जाणार नाहीत, स्टेटसला नाहीत, नातेवाइकांच्या ग्रुपवरही नाहीत. परतल्यावर मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढू द्यावी, एवढंच सासूबाईंनी मागितलं. त्यात अडण्यासारखं काही नव्हतं. फक्त मिरच्यांचा धूर बंद खोलीत करू नका म्हटलं, गरोदर बाईला तो खोकल्याने बेजार करतो.

हे ठरल्यावर प्रत्यक्ष आखणी. नवऱ्याने केलेली यादी अशी होती: डोहाळेजेवणाच्याच दिवशी संध्याकाळी शूट, तीन पोशाख, रंकाळा तलावाचा काठ, गुलाबी-निळा धूर, शेवटी रील. यातलं बरंच खोडावं लागलं.

सगळ्यात आधी डॉक्टरांची परवानगी. वार (प्लॅसेंटा) खाली आहे का, मध्ये रक्तस्राव झाला होता का, रक्तदाब कसा आहे, गर्भाशयाच्या तोंडाला टाका आहे का, हे विचारल्याशिवाय तारीख घेऊ नये. विश्रांती सांगितली असेल तर बाहेरचं शूट विसरावं आणि घरात खिडकीपाशी फोटो काढावेत. वेळेचं म्हणाल तर २८ ते ३४ आठवडे बरे. आधी पोट पुरेसं दिसत नाही आणि नंतर दम लागतो, शिवाय बाळ लवकर आलं तर बेतच फसतो. जुळी असतील तर २८ आठवड्यांच्या आतच उरकावं.

डोहाळेजेवण आणि शूट एका दिवशी नको, हे आम्ही आग्रहाने सांगतो. पाहुणे, ओटी, तीन-चार तास बैठक, जड जेवण. संध्याकाळपर्यंत पाय सुजतात, चेहरा ओढल्यासारखा दिसतो. त्यांनी आठ दिवसांचं अंतर ठेवलं. हिरवी साडी तीच वापरली, म्हणजे सासूबाईंच्या हौसेचं चीज झालं. ताज्या फुलांच्या दागिन्यांत निशिगंध भरपूर होता. त्या वासाने तिला आधीच मळमळलं होतं, म्हणून शूटला शेवंती घेतली. वास बेताचा, आणि कोमेजतेही उशिरा.

साडीत बहुतेकींची चूक होते ती परकराच्या नाडीची. नाडी घट्ट आवळली की कातडीवर वळ उठतो आणि तो अर्धा तास तरी जात नाही. पोट उघडं दिसणारा एखादा फोटो हवा असेल तर तो वळ नेमका मधोमध येतो. रुंद इलास्टिकचा परकर पोटाच्या खाली बसवावा, निऱ्या कमी घ्याव्यात आणि शूटआधी तासभर सैल गाऊनमध्ये राहावं. पोशाख दोन पुरेत. प्रत्येक बदलाला वीस मिनिटं जातात आणि ती वीस मिनिटं बाईला उभं राहूनच काढावी लागतात.

गुलाबी-निळा धूर दोन कारणांनी रद्द केला. एक म्हणजे दम्याचा त्रास नसलेल्या बाईलाही या दिवसांत धूर सोसत नाही. दुसरं अधिक महत्त्वाचं. गुलाबी म्हणजे मुलगी, निळा म्हणजे मुलगा, असा या धुराचा अर्थ घेतला जातो. गर्भलिंग जाणून घेणं, सांगणं, खुणेनेही सुचवणं हा आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. परदेशी व्हिडिओ बघून हे रंग आपल्या पॅकेजमध्ये आले आहेत. फोटोग्राफरने कितीही गंमत म्हणून सुचवलं तरी नाही म्हणावं.

रंकाळा ठेवला, पण पाण्यालगतच्या पायऱ्या नाहीत. गरोदरपणात सांधे सैल होतात, शरीराचा तोल पुढे सरकतो आणि पोटामुळे स्वतःची पावलं दिसत नाहीत. शेवाळलेल्या पायरीवर नऊवारी नेसून अनवाणी उतरणं दिसायला सुंदर, पण घसरायला एक क्षण पुरतो. सपाट जागा, पाच मिनिटांवर स्वच्छतागृह आणि बसायला पाठ टेकेल अशी खुर्ची, ही आमची अट असते. नोव्हेंबरात कोल्हापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पावणेपाच ते पावणेसहा ही वेळ धरली. एक तासाच्या वर नाही. निघण्याच्या तासभर आधी पोळी-भाजी खाणं, सोबत केळं, शेंगदाण्याची चिक्की, पाण्याची बाटली. मधुमेह निघाला असेल तर चिक्की-केळ्याऐवजी आहारतज्ज्ञांनी सांगितलेलंच खावं आणि जेवणाची वेळ शूटसाठी हलवू नये.

पोझपैकी एका पोझबद्दल कडक सांगावं लागलं. जमिनीवर उताणं झोपवून भोवती फुलं मांडायची आणि वरून फोटो घ्यायचा. विसाव्या आठवड्यानंतर उताणं पडलं की गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर येतो, रक्तदाब उतरतो, घाम फुटतो, भोवळ येते. हवाच असेल तर उजव्या कुशीखाली उशी घालून शरीर डावीकडे कलतं ठेवावं, आणि तेही दोन मिनिटं.

आता आरशाचं. "तू सुंदरच दिसतेस" असं तिला सगळेच सांगत होते आणि त्याने ती अधिकच आक्रसत होती. पोटावरचे व्रण, बेंबीखालची काळी रेघ, काळवंडलेली मान, हे सगळं आवडलंच पाहिजे अशी सक्ती कशाला? आम्ही तिला कागदावर दोन रकाने करायला सांगितले: काय दिसलेलं चालेल, काय नको. तिने 'नको'मध्ये दंड आणि मान लिहिली. पोटावरचे व्रण मात्र, जरा थांबून, 'चालेल'मध्ये. तो कागद फोटोग्राफरला आधी द्यायचा. व्रण पुसायचे की ठेवायचे हे तिने सांगायचं असतं, नाहीतर काहीजण न विचारता पुसून टाकतात.

घरी सराव केला तर भीती निम्मी होते. ट्यूबलाइट बंद करायची, खिडकीला खांदा लावून उभं राहायचं. बाजूने येणारा उजेड पोटाची गोलाई दाखवतो, समोरचा फ्लॅश ती सपाट करतो. मोबाइल छातीच्या उंचीला, सहा-सात फूट लांब आणि दोन पट झूम. जवळून काढलं की जे पुढे असतं ते अवाढव्य दिसतं, आणि बाई समजते आपणच तशा झालोत. मागच्या पायावर भार, एक हात पोटाखाली, एक वर.

फोटोग्राफरशी लेखी ठरवायच्या गोष्टी थोड्या, पण न चुकता: किती फोटो देणार, बाळ लवकर आलं तर आगाऊ पैशांचं काय, कपडे बदलायला बंद जागा आणि सोबत एक बाई, आणि त्यांच्या पानावर आमचे फोटो टाकायचे नाहीत. शेवटची अट या घरासाठी सगळ्यात मोठी होती. सोनोग्राफीचा फोटो हातात धरायचा असेल तर त्यावरचं नाव, तारीख, दवाखाना झाकावा.

शूट चालू असताना पोट लयीत आवळू लागलं, रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा. डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे अंधारी आणि चेहरा-हात एकाएकी सुजणं हेही त्यातच, ते 'दमल्यामुळे' म्हणून सोडू नये.

आणखी एक. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर फोटोंचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांना सांगावं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत चालतो. हिच्या बाबतीत तसं नव्हतं, तरी आम्ही ते तपासूनच पुढे गेलो.

ठरल्या दिवशी चाळीस मिनिटांत ती दमली आणि दुसरा पोशाख न घालताच त्यांनी आवरलं. रील झालीच नाही. फोटो आले तेव्हा तिने बावीस ठेवले, पेनड्राइव्ह सासूबाईंकडे दिला. त्यांनी तो कपाटात हिरव्या साडीच्या घडीत ठेवला आहे, बारशापर्यंत.