पेटीत काय निघेल, हे मुलांपासून लपवायचं का?

प्रश्न : वकीलताई, मी पुण्यातल्या एका लहान गेम स्टुडिओत प्रोग्रामर आहे. आमचा नवा मोबाइल गेम आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. पैसे देऊन नाणी घ्यायची आणि नाण्यांनी पेटी उघडायची. पेटीत नवा घोडा निघेल की साधी ढाल, हे नशिबावर. दुर्मीळ घोडा शंभरात एकदाच निघतो, पण हा आकडा दाखवायचा नाही आणि ‘पुन्हा खेळा’चं बटण असतं नेमकं तिथेच ‘पेटी उघडा’चं बटण आणायचं, असं मॅनेजर म्हणतात. हे काम माझ्याकडे आहे. हे कायद्यात बसतं का? उद्या काही झालं तर मी अडकेन का? नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या गेम कंपनीत जाणार नाही, अशा कागदावर माझी सहीही आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी बटणाचं बोलते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे. एपिक गेम्स या अमेरिकी कंपनीच्या ‘फोर्टनाइट’मध्ये बटणांची मांडणी अशी गोंधळाची होती, की गेम लोड होताना किंवा एखादी वस्तू नुसती बघताना चुकून बोट लागलं तरी खरेदी होऊन जायची, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने केला. डिसेंबर 2022 मध्ये तडजोड झाली आणि ग्राहकांना परतावा म्हणून कंपनीने 24.5 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. कंपनीने दहा लाखांहून जास्त ग्राहकांच्या तक्रारींकडे आणि आपल्याच कर्मचाऱ्यांनी पुन्हा पुन्हा दिलेल्या इशाऱ्यांकडे काणाडोळा केला, असंही कमिशनने म्हटलं होतं. म्हणजे तुमच्यासारखं कुणीतरी तिथेही बोललं होतं.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात ग्राहकाला फसवणाऱ्या 13 क्लृप्त्या दिल्या आहेत आणि माणसाच्या हातून नको ते दाबलं जावं अशी स्क्रीनची मांडणी करणं ही त्यांतलीच एक. तेव्हा मॅनेजरांना ‘मला हे पटत नाही’ एवढंच सांगू नका, या तत्त्वांचं नाव घ्या.

लपवलेल्या आकड्याचं थोडं वेगळं आहे. बेल्जियमने 2018 मध्ये पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्या जुगारात धरल्या. आपल्याकडे तसा थेट नियम नाही. पण काय निघण्याची किती शक्यता आहे ते विकण्याआधी दाखवा, अशी अट ॲपलने 2017 मध्ये आणि गूगल प्लेने 2019 मध्ये घातली. ती मोडली तर गेम स्टोअरवरून काढला जाऊ शकतो, आणि मॅनेजरांना बहुधा हेच आधी पटेल. तो घोडा पुढे पैशांत विकता येणार असेल, तर मात्र थांबा. 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आहे. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि दंडाची मर्यादा एक कोटी रुपये आहे.

आता मुलांबद्दल. अल्पवयीन व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो, हे 1903 च्या मोहरीबीबी खटल्यापासून पक्कं आहे. कागदावर हे ठीक. माझ्याकडे इचलकरंजीचे एक यंत्रमाग कामगार आले होते. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले साडेअकरा हजार धाकट्या मुलाने एका गेममध्ये घालवले होते. कंपनीचं उत्तर असं, की खातं तुमचं आणि पिनही तुमचा, म्हणून संमतीही तुमचीच. एवढ्या रकमेसाठी ग्राहक आयोगात खेटे घालायचे, तर तितक्या दिवसांचा पगार बुडतो. त्यांनी नाद सोडला. अशा बापाला कायदा आहे म्हणून पैसे परत मिळतात असं होत नाही, आणि म्हणून ते बटण जिथे लिहिलं जातं तिथेच अडायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही अडकाल का? ग्राहक कायद्याखाली कारवाई सहसा कंपनीवर होते, सांगितलेलं काम करणाऱ्या प्रोग्रामरवर नाही. तरी तोंडी बोलण्यावर विसंबू नका. मॅनेजरांना मेल करा: बटण दुसरीकडे हलवावं, प्रत्येक खरेदीआधी ‘रुपये इतके जातील’ असं विचारणारी स्क्रीन असावी, शक्यता पेटीवरच लिहावी, महिन्याच्या खर्चाला पालकांना मर्यादा घालता यावी. भाषा शांत ठेवा, आरोप नकोत. पर्याय तयार करून दिलात तर त्यांनाही वरिष्ठांकडे न्यायला काहीतरी हाती राहील.

दोन वर्षांच्या त्या कागदाची धास्ती घेऊ नका. भारतीय करार कायद्याच्या कलम 27 नुसार नोकरी संपल्यावर दुसरीकडे काम करण्यावर घातलेलं असं बंधन न्यायालयात टिकत नाही. नोटीस पिरियड मात्र पाळावा लागेल, आणि गोपनीयतेची अट नोकरी सोडल्यावरही लागू राहू शकते. सोर्स कोडची एकही फाइल सोबत नेऊ नका.