कॅनडात यायचंय आणि नावावर ड्रंक अँड ड्राइव्हची जुनी केस आहे

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: २०२१ मध्ये भारतात दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेलात, कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरलात, आता कॅनडाच्या पीआरची (कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्याची) तयारी चालू आहे. तिकडे पुन्हा असं काही घडलं, तर ही केस धरून तो दुसरा गुन्हा मानतात का आणि थेट तुरुंगात टाकतात का? मी बरीच वर्षं ऑन्टारिओत राहतो. ओळखीतल्या दोन केसेस जवळून पाहिल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी इथली शिक्षा. रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम अल्कोहोल झालं की क्रिमिनल कोडखाली, म्हणजे कॅनडाच्या फौजदारी कायद्याखाली, गुन्हा होतो. पहिल्या वेळी किमान १००० डॉलर दंड. प्रमाण १२० किंवा जास्त निघालं तर किमान १५००, आणि १६० किंवा जास्त निघालं किंवा श्वासचाचणीसाठी फुंकायलाच नकार दिला तर २०००. दुसऱ्या वेळी किमान ३० दिवस तुरुंग. तिसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक वेळी किमान १२० दिवस. ही किमान शिक्षा आहे. न्यायाधीशाला दया आली तरी साधारणपणे त्याखाली जाता येत नाही. अपवाद एक आहे: सरकारी वकिलाची संमती असेल तर शिक्षा पुढे ढकलून व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला पाठवता येतं, आणि तो पूर्ण केला तर किमान शिक्षेचं बंधन उरत नाही.

३० आणि १२० दिवसांतला फरक आकड्यापेक्षा मोठा आहे. ९० दिवसांपर्यंतची शिक्षा कोर्टाच्या परवानगीने शनिवार-रविवारी भोगता येते. शुक्रवारी संध्याकाळी आत जायचं, सोमवारी सकाळी कामावर. १२० दिवसांना ती सोय नाही, त्यामुळे नोकरी जाते. घरात नजरकैदेचा पर्यायही नाही, कारण जिथे किमान तुरुंगवास ठरलेला आहे तिथे तो देता येत नाही. गाडी चालवण्याची बंदी वेगळी: पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं, दुसऱ्या वेळी २ ते १०, त्यानंतर किमान ३ आणि वरची मर्यादाच नाही. शिवाय प्रांत स्वतःच्या कायद्याने लायसन्स रोखतो ते निराळं.

आता तुमचा मूळ प्रश्न. "आधीचा गुन्हा" म्हणून क्रिमिनल कोडची जी यादी आहे, तिच्यात कॅनडाच्याच कलमांखालच्या शिक्षा येतात. तुमची भारतातली केस तिच्यात बसत नाही, म्हणजे तिच्यामुळे ३० दिवसांची सक्ती लागू होत नाही. सरकारी वकिलाने ती पुराव्यासह मांडली तर न्यायाधीश पार्श्वभूमी म्हणून ती पाहू शकतो, एवढंच. इथली जुनी केस मात्र कितीही वर्षांपूर्वीची असली तरी यादीत राहते. पण तिच्या आधारे वाढीव किमान शिक्षा मागायची असेल तर आरोपीने गुन्हा कबूल करण्याच्या किंवा नाकारण्याच्या आधी सरकारी पक्षाने तशी नोटीस दिलेली असावी लागते. माझ्या ओळखीतल्या एकाला सुटकेच्या कागदांबरोबर असा एक कागद मिळाला होता. त्याने तो इतर कागदांत घालून ठेवला. वकिलाने पहिल्याच भेटीत विचारलं, "ती नोटीस कुठे आहे?" त्याच्या पुढच्या सगळ्या केसची दिशा त्या कागदावर ठरली.

पण मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. तुम्ही शिक्षेचं विचारताय. तुमची अडचण त्याआधी, प्रवेशापाशीच आहे. "दंड भरला, केस मिटली" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा गुन्हा जागेवर पावती फाडून मिटत नाही, तो न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जातो. तिथे कबुली देऊन दंड भरणं म्हणजे दोषी ठरणं. १८ डिसेंबर २०१८ पासून कॅनडात या गुन्ह्याची कमाल शिक्षा ५ वरून १० वर्षांवर गेली. इमिग्रेशनच्या कायद्यात १० वर्षं कमाल शिक्षा असलेला गुन्हा "गंभीर" गणला जातो, प्रत्यक्षात नुसता दंड झालेला असला तरी. परदेशात केलेला गुन्हाही इथल्या कलमाशी ताडून बघतात. तुमची केस त्या तारखेनंतरची आहे, त्यामुळे दहा वर्षांनी आपोआप माफ झाल्यासारखं धरण्याची जुनी वाट तुम्हाला बंद आहे. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झाली की पुनर्वसनाचा, म्हणजे या गुन्ह्यामुळे आलेली प्रवेशबंदी उठवून घेण्याचा, अर्ज करता येतो. लायसन्स निलंबित झालं असेल तर ती मुदत संपल्यापासून मोजतात.

एक मुद्दा तुमच्या बाजूचा असू शकतो. भारतातली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे, इथली ८० ची. तुमचा आकडा समजा ५० आला असेल, तर इथल्या ८० च्या कलमाशी तो जुळत नाही, असं वकील मांडू शकतो. अल्कोहोलमुळे गाडी चालवण्याची क्षमता कमी झाली होती का, हा प्रश्न तरीही उरतो, म्हणून यावर स्वतःच निष्कर्ष काढू नका. कोर्टातून निकालाची प्रमाणित प्रत काढा, ब्रेथ अ‍ॅनालायझरची स्लिप किंवा तिची नोंद मिळवा, दंडाची पावती शोधा आणि हे सगळं घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशन वकिलाकडे जा.

आणि फॉर्ममध्ये केस लपवू नका. कुठल्याही एजंटने "पोलीस क्लिअरन्सवर दिसत नाही ना, मग लिहू नका" असं सांगितलं तर त्याच्याकडून फाइल परत घ्या. खोटी माहिती दिल्याचं निघालं तर पाच वर्षं दार बंद होतं, आणि ते पीआर मिळाल्यानंतरही निघू शकतं.

पीआर मिळाल्यावरचं गणित आणखी कडक आहे. इथे झालेला पहिलाच गुन्हा, फक्त १००० डॉलर दंडाचा असला तरी, पीआर धोक्यात आणतो. सहा महिने किंवा जास्त तुरुंगवास झाला तर हकालपट्टीच्या आदेशाविरुद्ध अपिलाचा हक्कही जातो. २०१३ च्या फाम खटल्याच्या निकालात कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की शिक्षा ठरवताना इमिग्रेशनवरचा परिणाम विचारात घेता येतो, पण शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणातच राहिली पाहिजे. म्हणून अशी वेळ आलीच, तर फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय काहीही कबूल करू नका.

इथे आल्यावर लगेच लागू होणाऱ्या दोन गोष्टी. रस्त्यात कायदेशीरपणे थांबवलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला पोलीस संशयाशिवाय फुंकायला सांगू शकतात. आणि ऑन्टारिओत जी-१ किंवा जी-२ लायसन्सवर (पूर्ण लायसन्सच्या आधीचे दोन टप्पे) असेपर्यंत मर्यादा शून्य आहे, तुम्हाला आधीचा गाडी चालवण्याचा अनुभव कितीही असो. पार्किंगमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर झोपलेला माणूसही यात अडकू शकतो, म्हणून प्यायला असाल तर गाडीत बसूच नका, टॅक्सी बोलवा.