क्योतोचा एक दिवस, आईबाबा सोबत आणि ताटात मासा नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईबाबा पासष्टीच्या पुढचे, आईंना अंडंसुद्धा चालत नाही, मुक्काम जपानातल्या ओसाकाला, क्योतोला एकच दिवस आणि यादीत सात देवळं. त्यातली पाच आत्ताच खोडा. किन्काकुजी वायव्येला, आराशियामा पश्चिम टोकाला. दोन्ही धरलीत तर आईबाबांना क्योतो बसच्या खिडकीतूनच दिसेल. त्यापेक्षा केइहान रेल्वेची एकच लाइन पकडा. ओसाकातल्या योदोयाबाशीहून निघते आणि तुम्हाला हवं ते बरंचसं तिच्या आसपासच आहे.

सकाळी लवकर फुशिमी इनारी. लिमिटेड एक्सप्रेस तिथे थांबत नाही, ताम्बाबाशीला उतरून लोकल धरा. देऊळ चोवीस तास उघडं, तिकीट नाही. सातपर्यंत पोचलात तर त्या शेंदरी कमानींखालून निवांत चालता येतं. दहानंतर जत्रा असते. इनारी हा भाताचा आणि व्यापारउदिमाचा देव, म्हणून कमानी वाहणारे बरेचसे व्यापारी. चढताना कमानी कोऱ्या दिसतात; परत फिरलात की खांबांवर काळ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव आणि तारीख. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर असतात तशीच. माथा 233 मीटरच आहे, पण पायऱ्या गुडघ्यांचा हिशेब चुकता करतात. दाट कमानींचा पहिला टप्पा झाला की फिरा, काही चुकत नाही.

मग शिचिजो स्टेशन आणि सान्जूसान्गेन्दो. हे बहुतेकांच्या यादीत नसतं, तुमच्याही नव्हतं. माझ्या मते दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. 120 मीटर लांबीचं लाकडी सभागृह, 1266 मध्ये पुन्हा बांधलेलं, आत कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या 1001 मूर्ती. पण आईंना पुढच्या रांगेतल्या 28 रक्षक देवतांपाशी उभं करा. तिथे इंद्र आहे, ब्रह्मदेव आहे, आणि चोच असलेला गरुड चक्क बासरी वाजवतोय. माझ्या सासूबाई त्याच्यासमोरून हलेचनात. ‘अगं, हा इकडे कधी आला?’ एवढंच म्हणाल्या आणि हात जोडले. फोटोला मनाई आहे, बूट काढावे लागतात. तेव्हा मोजे धड घाला, हे अनुभवाचे बोल.

आता जेवण. इथे बहुतेकांचा घोळ ‘शाकाहारी’ या शब्दानेच होतो. मांस नाही म्हटलं की हॉटेलवाला प्रामाणिकपणे मान डोलावतो, पण रस्सा असतो दाशीचा, म्हणजे बहुधा सुकवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाच्या सूपमध्ये तो, उदोन म्हणजे जाड नूडल्समध्ये तो, भाजीतही तो. आम्ही पहिल्या फेरीत एका छोट्या दुकानात कित्सुने उदोन मागवलं. वर तळलेल्या तोफूचा गोडसर तुकडा, दिसायला अगदी सोवळं. सासूबाईंनी दोन चमचे रस्सा घेतला, थबकल्या आणि म्हणाल्या, ‘याला वास येतोय.’ मालकाला विचारलं तर तो अभिमानाने सांगतो, कात्सुओ एक नंबरचा आहे! चूक त्याची नव्हती, मी विचारलंच नव्हतं. तेव्हा हे पाठ करा: ‘कात्सुओ-दाशी हाइत्तेमासु का?’ म्हणजे यात कात्सुओची दाशी आहे का? उत्तर ‘हाय’, म्हणजे ‘हो’, आलं की हसून बाहेर.

दुपारी चालेल ते शोजिन र्‍योरी, बौद्ध मठांतलं जेवण. कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मासातही खपेल. तिळाचं गोमादोफू आणि युबा नक्की खा. युबा म्हणजे सोयाच्या दुधावरची साय, वडीसारखी गुंडाळलेली. बुकिंग आधीच करा. ते न जमल्यास युदोफू मागवा: कोंबू, म्हणजे समुद्री शेवाळ, घातलेल्या गरम पाण्यातलं तोफू. मात्र सोबतच्या बुडवायच्या सॉसमध्ये दाशी असते, त्याऐवजी नुसता शोयु, म्हणजे सोया सॉस, मागा. आणि दोनच्या आत बसा. बऱ्याच ठिकाणी त्यानंतर स्वयंपाकघर थेट संध्याकाळी उघडतं.

दुपारनंतर कियोमिझू-देरा हे देऊळ, पण चढ आहे, टॅक्सी करा. तिथे कंजुषी नको. 1633 सालचा तो सज्जा दरीवर सुमारे 13 मीटर उंच, लाकडी खांबांवर, खिळ्याविना उभा आहे. जपानीत मोठा निर्णय धडाडीने घेणं म्हणजे ‘कियोमिझूच्या सज्जावरून उडी मारणं’. बाबांना हे सांगा, ते ट्रिपचा खर्च ऐकून हेच म्हणतील. खाली ओतोवा धबधब्याच्या तीन धारा आहेत, तिन्हींचं पाणी पिणं हावरटपणा समजतात.

निशिकी बाजार वेळ उरला तरच. लोणची बघायला छान, पण चालता चालता खाऊ नका, दुकानदारांना ते आवडत नाही. गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीत माइकोंच्या, म्हणजे शिकाऊ गेइशांच्या, मागे कॅमेरा घेऊन धावू नका. तिथल्या खाजगी गल्ल्यांत शिरल्यास दंडाचे फलक आहेत.

रात्री थकल्यावर शाकाहारी हॉटेल शोधायचा हट्ट सोडा. गिओन-शिजोहून गाडी पकडा, ओसाकात उतरल्यावर कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतून, म्हणजे छोट्या किराणा-खाऊच्या दुकानातून, साध्या भाताचं पाकीट आणि दही घ्या. काउंटरवरची मुलगी ‘आतातामेमासु का?’ विचारेल, म्हणजे गरम करून देऊ का? हो म्हणा. मेतकूट तेवढं घरून न्या.