फॉर्मवर सगळीकडे 'नाही' टाकलंय ते आधी बदला

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं रामायण दुसऱ्या कुणी लिहिलंय असं वाटलं. बायकोनं वाढदिवसाला मसाजचं कूपन दिलंय, न्हाव्याच्या चंपीपलीकडं कधी गेला नाहीत, कपडे किती काढायचे याचं टेन्शन, आणि शेवटी सहज लिहिलंय की फॉर्ममध्ये नसती चौकशी होती, बीपीची गोळी घेतो पण सगळीकडे 'नाही' टाकून मोकळा झालो. कपड्यांचं बघू नंतर, आधी हे.

मी पण हेच केलं होतं. हार्टच्या नळीत स्टेंट (बारीक जाळी) टाकून 5 महिने झालेले, रक्त पातळ करायच्या 2 गोळ्या रोज चालू. सोलापुरातच एका सेंटरला गेलो, कुठल्या ते विचारू नका. 10 सिटिंगचं पॅकेज, 12 हजार, आधीच भरून बसलेलो. काउंटरवरच्या पोरीनं पॅडला लावलेला कागद दिला, पेन दोरीनं बांधलेलं, मागं दोघं उभे. 'कुठली औषधं चालू आहेत का' याच्यापुढं मी 'नाही' वर टिक मारली. म्हटलं हितं काय ऑपरेशन आहे का, आणि हार्टचं लिहिलं तर परत पाठवतील, पैसे अडकतील.

आतल्या पोराला दोष देणार नाही, हात चांगला होता त्याचा. तोंडासाठी भोक असलेल्या टेबलावर पालथं पडायचं, खाली दिसतं काय तर फरशी आणि त्याच्या चपला. उजव्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवलेला, तासभर तोच बघत होतो. तो दर थोड्या वेळानं विचारायचा, 'सर, प्रेशर बरोबर आहे का?' आणि मी आपला हां हां. कमरेत कोपर घातलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं तरी गप्प, कारण गडी माणसानं ओरडायचं नाही आणि दुखलं की नस मोकळी होते हे आपल्याकडं शेजारचा पण सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं बनियन वर केलं आणि हातातला तांब्याच पडला तिच्या. कमरेपासून मांडीपर्यंत वांग्यासारखं जांभळं. डॉक्टरांनी तपासलं आणि जे झापलंय ना! अशा गोळ्या चालू असताना जोरात दाबलं की आत रक्त साकळतं, म्हणून सांगायचं असतं. (आणि मसाजसाठी गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, स्टेंटवाल्यांनी तर मुळीच नाही.) 3 आठवडे स्कूटरवर एका बाजूला बसून फिरलो.

त्याहून जास्त मनस्ताप पुढं. राहिलेल्या 9 सिटिंगचे पैसे मागायला गेलो तर मॅनेजरनं माझाच कागद समोर धरला, 'सर, तुम्हीच नाही म्हटलंय'. आता यावर काय बोलणार, चूक माझीच. बरं मग मेव्हण्याच्या नावावर करून द्या म्हटलं, तर मालकांना विचारतो, सोमवारी या. सोमवारी मालक पुण्याला. एप्रिलचं सोलापुरी ऊन, अशा 3 चकरा, आणि शेवटी पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली की पैसे परत नाहीत, नावही बदलत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर तेव्हा मला माहीतच नव्हता. म्हणून माझं ठाम मत, पहिल्यांदा जाताना एकच सिटिंग घ्यायचं, पॅकेज कितीही स्वस्त दिसू दे.

मी डॉक्टर नाही हं, अनुभवाचं बोलतोय. तुमची फक्त बीपीची गोळी आहे, त्यात माझ्यासारखं होईल असं नाही, पण अशांना झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते, तेव्हा मसाज झाला की आधी कुशीवर, मग बसा, मग उठा. गोळी नक्की कशाची ते तुमच्या डॉक्टरांना एकदा विचाराच. आणि पोटरी सुजून गरम लागत असेल किंवा अंगात ताप असेल तर मसाजला जायचंच नाही, सरळ दवाखाना.

कपड्यांचं म्हणाल तर आपल्याला चालेल तेवढेच काढायचे, वर चादर असते, जो भाग चोळायचा तेवढाच उघडा करतात. पुरुषच हवा असेल तर बुकिंगलाच सांगा, त्यात लाजायचं काय. गप्पा मारल्याच पाहिजेत असंही नाही, मी तर घोरलो होतो एकदा (हो, नंतर गेलो परत, डॉक्टरांना विचारून, दुसरीकडं, हलक्या हाताचा). भाकरी-शेंगाचटणी दाबून खाऊन लगेच पालथं पडू नका, दीड-दोन तास जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी थोडं अंग ठणकतं, ते चालतं, पण निळं पडलं तर दाखवा. मसाजनं शरीरातली घाण निघते वगैरे सांगतील, हसून सोडून द्या, आराम वाटतो एवढं पुरे आहे की.

तर आता आधी त्यांना फोन लावा आणि फॉर्म बदलून घ्या, गोळीचं नाव स्ट्रिपवरून बघून सांगा. आणि पांढरं बनियन घालून जाऊ नका, तेलाचे डाग माझ्या बायकोनं 2 वेळा उकळूनही गेले नाहीत.